काही आढळले नाही

मराठीत 'चरित्र' आणि 'चारित्र्य' हे दोन शब्द सख्ख्या भावंडांसारखे शेजारी नांदतात. पहिला ग्रंथालयाच्या कपाटात सापडतो, दुसरा पोलीस ठाण्याच्या खिडकीपाशी. दोघांचे मूळ 'चर्' या धातूत आहे. अर्थ चालणे, फिरणे, वावरणे. माणूस ज्या वाटेने चालला ती वाट सांगणे म्हणजे चरित्र आणि ज्या रीतीने चालला ती रीत म्हणजे चारित्र्य, अशी ढोबळ विभागणी करता येईल. चरित्रवाङ्मय शिकवताना ही व्युत्पत्ती वर्गात अनेकदा सांगून झाली आहे. ती एके दिवशी फायलीच्या रूपाने घरात येऊन बसेल असे मात्र वाटले नव्हते.

आम्ही दोघे वाघोलीत राहतो. आमच्यापैकी एकजण महाविद्यालयात मराठी शिकवतो, दुसरी अभियंता आहे. तिला कॅनडातल्या एका कारखान्याकडून नोकरीचे बोलावणे आले आणि कामाच्या परवान्याचा अर्ज भरावयाचा ठरला. सोबत जोडावयाच्या कागदांच्या यादीत एक ओळ अशी, की गेल्या १० वर्षांत ज्या ज्या देशात सलग ६ महिने वा अधिक काळ वास्तव्य झाले, त्या प्रत्येक देशाच्या पोलिसांचे प्रमाणपत्र हवे. आमच्या बाबतीत असे देश तीन निघाले: भारत, जपान आणि आखातातला एक देश, ज्याचे नाव घेण्याचे येथे कारण नाही. पहिली दोन प्रमाणपत्रे यथाकाल हाती आली. तिसऱ्याची वाट पाहण्यात वर्षातले कितीतरी महिने गेले. नोकरी देणाऱ्याची मुदत, परवान्याच्या अर्जाची मुदत आणि घरात न बोलता चाललेला हिशेब (जायचे झाले तर कोणी आधी जायचे, कोणी मागे राहायचे, म्हाताऱ्या आईचे काय करायचे) हे सगळे त्या एका न आलेल्या कागदाला टांगलेले होते.

अशा वेळी काफ्काचे नाव घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते आम्ही घेणार नाही. काफ्काच्या जगात कायदा काय आहे हेच कोणाला कळत नाही. येथे सगळे कळते. शुल्क किती, छायाचित्र किती मोठे, त्यामागचा रंग कोणता, बोटांचे ठसे कोणासमक्ष द्यायचे, हे सारे स्वच्छ छापलेले असते आणि चौकशीला मिळणारी उत्तरे सौजन्यपूर्ण असतात. आपल्या परंपरेतून 'घाशीराम कोतवाल' आठवावे, तर तेही पुरते लागू पडत नाही. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या त्या नाटकात रात्रीच्या पुण्यात पावलोपावली परवाना विचारला जातो. तिथली दहशत एका माणसाच्या लहरीतून येते. इतिहासातला कोतवालही १७७७ ते १७९१ या काळात नाव घेऊन दाखवता येईल असा एक मनुष्यच होता. आमच्या वाट्याला आलेल्या प्रतीक्षेत असा कोणी मनुष्य दिसत नाही. कोणाचाच राग करता येत नाही, आणि राग करता आला नाही की दिवस फार लांबतात.

आता या कागदाचे स्वरूप पाहावे. भारतात हे प्रमाणपत्र पारपत्र कार्यालय देते, त्याआधी पत्त्यावरच्या पोलीस ठाण्याकडून पडताळणी होते, आणि ते कोणत्या देशासाठी काढले हे त्यावर नोंदलेले असते. जपानचे प्रमाणपत्र देशाबाहेरून काढावयाचे झाल्यास वकिलातीमार्फत ठसे देऊन काढावे लागते आणि ते मोहोरबंद लिफाफ्यात येते. ज्यांच्यासाठी ते काढले त्यांनी सांगितल्यावाचून लिफाफा फोडला, तर आतला कागद निरुपयोगी ठरतो. म्हणजे ज्याचे चारित्र्य, त्यानेच ते वाचायचे नाही! जर्मन भाषेत या कागदाला 'फ्युरुंग्स-त्सॉयग्निस' म्हणतात; वर्तनाची साक्ष असा त्याचा सरळ अर्थ. नावे अशी भारदस्त आहेत, पण आतला मजकूर बहुधा एकाच वाक्याचा असतो. अमुक नावाच्या, अमुक जन्मतारखेच्या व्यक्तीविषयी आमच्या नोंदींत प्रतिकूल काही आढळले नाही.

चरित्रवाङ्मयाच्या अभ्यासकाने या वाक्यापाशी थांबावे असे आम्हांस वाटते. कदाचित हे जगातले सर्वांत छोटे चरित्र असेल. त्यात घटना नाही, आणि घटना नाही हीच त्याची एकमेव घटना. ती तिथे चार वर्षे राहिली, वाळवंटातल्या एका प्रकल्पावर पहाटेची पाळी केली, शेजारच्या खोलीतल्या फिलिपिनो मुलीबरोबर एकच भांडे वापरून भात शिजवला, एका सहकाऱ्याच्या अपघातानंतर दोन रात्री रुग्णालयात बसून काढल्या. यातले काहीही त्या वाक्यात येणार नाही, येऊ शकत नाही. पोलिसांच्या दृष्टीने चांगला माणूस म्हणजे ज्याच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही तो. चरित्रकाराच्या दृष्टीने नेमका उलटा प्रकार असतो.

प्रमाणपत्राला जो दुसरा आधार लागतो तो पत्त्याचा. वाघोलीत राहणाऱ्यांना त्याविषयी थोडे अधिक बोलता येईल. नगर रस्त्यावरचे हे गाव पिलाजी जाधवरावांचे आणि वाघेश्वराचे म्हणून इतिहासाला ठाऊक. आम्ही येथे घर घेतले तेव्हा कराची पावती ग्रामपंचायतीची होती आणि पोलीस ठाणे लोणीकंदचे, तेही पुणे ग्रामीणचे. २०२१ मध्ये लोणीकंद ठाणे पुणे शहर आयुक्तालयाकडे आले. त्याच वर्षी आणखी २२ गावांबरोबर वाघोली महापालिकेत गेली. २०२४ मध्ये वाघोलीला स्वतःचे पोलीस ठाणे मिळाले. घराचा उंबरठा तोच, आतली माणसे तीच. कागदोपत्री मात्र आम्ही एकाही खोक्याला दोरी न बांधता ग्रामीणचे शहरी झालो आणि एका ठाण्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेलो. जुन्या पारपत्रावर 'मुक्काम पोस्ट वाघोली, तालुका हवेली', नव्या देयकावर पुणे महानगरपालिका. परदेशी कार्यालयातल्या माणसाला ही दोन घरे वाटली तर त्याला दोष कसा द्यावा? माणूस हलतो तशा हद्दीही हलतात, एवढे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

पारपत्राच्या अर्जात परिसरातल्या दोन व्यक्तींची नावे द्यावी लागतात, ज्या आपल्याला ओळखतात. ही अट वाचून आम्ही आमच्या ११ मजली इमारतीचा मनातल्या मनात फेरफटका मारला. दूधवाला ओळखतो, रात्रीचा पहारेकरी ओळखतो. शेजारच्या दारावर पाटी आहे, पण तिच्यावरचे नाव घरमालकाचे, आणि तो राहतो दुसऱ्याच शहरात. शेवटी खालच्या मजल्यावरचे, एसटीतून निवृत्त झालेले काका आठवले. त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो मॅडम, तुमचं आडनाव मला आज कळतंय. पण तुमच्या स्वयंपाकघरातला दिवा रात्री किती वाजता बंद होतो ते विचारा, सांगतो." त्यांनी आपले नाव आणि दूरध्वनी क्रमांक आमच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून दिला.

त्या वेळी आम्हांस महजर आठवले. शिवकालात आणि पेशवाईत वतनाचा, हक्काचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार साक्षीला येत, निवाडा महजराच्या रूपाने लिहिला जाई, आणि त्याखाली ज्यांना लिहिता येत नसे ते आपापल्या व्यवसायाची निशाणी करत. पाटलाचा नांगर तर प्रसिद्धच आहे. शिवेच्या भांडणात महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई, कारण गावची हद्द त्याच्या पायाखालची असे. साक्ष देणारा आपल्या नावानिशी आणि आपल्या अवजारानिशी कागदावर उभा राहत होता. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. ज्या गावाला सगळे ठाऊक असते, त्या गावाला जातही ठाऊक असते, आणि ज्याची साक्ष शिवेपुरती महत्त्वाची त्याला गावकुसाच्या आत घर बांधू दिले जात नसे. तरीही एक फरक लक्षात राहतो. महजरात 'हा मनुष्य आम्हांला ठाऊक आहे' असे कोणीतरी म्हणत असे. आजचा दाखला म्हणतो, 'हा मनुष्य आम्हांला ठाऊक नाही'. आणि या ठाऊक नसण्याचेच नाव चारित्र्य.

पोलिसांना 'ठाऊक असणे' काय असते, हे समजून घ्यायला वाघोलीकराला लांब जावे लागत नाही. गावाच्या परिसरात दगडखाणी आहेत. पुण्याच्या कित्येक इमारतींची खडी तिथून आली, आणि ती फोडणाऱ्यांत वडार समाजाची अनेक कुटुंबे आहेत. वडारांची गणना महाराष्ट्रात विमुक्त जातींत होते. 'विमुक्त' हा शब्द आपण इतक्या सहज उच्चारतो की कशातून मुक्त, हा प्रश्न राहून जातो. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो वाढवत नेला. ज्या जमातींवर त्याची नोंद पडली, त्यांतले मूल जन्मतःच संशयित ठरले. हजेरी लावायची, वस्ती सोडून जाताना पास घ्यायचा. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण नोंदवहीतून गेलेले नाव पोलिसांच्या नजरेतून जायला किती काळ लागतो, हे लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) वाचलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. ज्यांच्याविषयी त्यांच्या जन्माआधीच काही 'आढळले' होते, त्यांनी कोणत्या खिडकीपाशी जाऊन दाखला मागायचा होता? आमचा कागद उशिरा येत होता, एवढेच. हे भान आल्यावर आमच्या तक्रारीचा आवाज आपोआप खाली आला. काळजी मात्र होती तेवढीच राहिली.

बोटांच्या ठशांची गोष्टही याच खडीच्या रस्त्याने जाते. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा एका करारावर उमटवून घेतला. तो करार होता रस्ताबांधणीला लागणाऱ्या मालाचा. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. वर्गीकरणाची रीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या कष्टांतून बसली, आणि ती जगभर गेली ती त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने. आज जगातल्या कोणत्याही देशाचे पोलीस आमच्या अभियंतेला ठसे मागतात, तेव्हा ती पद्धत आपल्याकडूनच निघून फिरून आपल्याकडे आलेली असते. आमच्या आजीच्या पिढीने अंगठा पुसून सही यावी म्हणून धडपड केली. 'अंगठेबहाद्दर' ही शिवी होती. आता दोन पदव्या घेतलेल्या नातसुनेने शाईत दहाही बोटे बुडवली. ठसे घेणारा गृहस्थ अनुभवी होता. तो सहज बोलून गेला की खाणीतल्या आणि बांधकामावरच्या माणसांचे ठसे नीट उठत नाहीत. रेषा झिजून गेलेल्या असतात. दगड फोडून ज्याची बोटे गुळगुळीत झाली, त्याला आपण आपणच आहोत हेसुद्धा सिद्ध करता येऊ नये, याला काय म्हणावे!

आता विलंबाविषयी. त्या आखाती देशात राहत असताना हे प्रमाणपत्र काढणे सोपे होते. एकदा तिथला रहिवासी परवाना संपला की मनुष्य त्या यंत्रणेच्या बाहेर पडतो. मग ठसे, मुखत्यारपत्र, नोटरी, राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय, वकिलात अशी साक्षांकनाची साखळी सुरू होते आणि शेवटी तिथे प्रत्यक्ष हेलपाटे घालणारा कोणीतरी लागतो. इकडे राहत्या देशाचे प्रमाणपत्र अर्जाच्या वेळी ६ महिन्यांच्या आतले असावे लागते. सोडून आलेल्या देशाचे मात्र तो देश सोडल्यानंतरचे असले की पुरते. म्हणजे सोडलेल्या गावातले आपले चारित्र्य शिळे होत नाही. राहत्या गावातले ६ महिन्यांत होते. या नियमात एक विलक्षण शहाणपण आहे असे आम्हांस वाटते, पण तिसऱ्या कागदाची वाट पाहताना पहिल्याची मुदत सरत चालली, तेव्हा ते शहाणपण आमच्या उपयोगी पडले नाही.

असा प्रसंग आलेल्यांसाठी एवढेच सांगता येईल की कागदाची वाट पाहत मुदत उलटू देऊ नये. मागणी केल्याची पावती, शुल्क भरल्याचा पुरावा, पाठपुराव्याचा पत्रव्यवहार आणि सोबत एक स्पष्टीकरणपत्र असे जोडून अर्ज वेळेत दाखल करावा, कागद येताच पाठवू असे लिहून द्यावे आणि लागल्यास वाढीव मुदत लेखी मागावी. ती द्यायची की नाही, हे अधिकाऱ्याच्या हाती असते. अर्ज अपुरा म्हणून नाकारलाही जाऊ शकतो. आम्ही हाच मार्ग धरला.

ते स्पष्टीकरणपत्र लिहिण्याचे काम घरातल्या मराठीच्या शिक्षकाकडे आले. इंग्रजीतले एक पानी पत्र. पण लिहिताना सारखे वाटत राहिले की हा प्रकार आपल्याला परका नाही. आपल्या गद्याच्या इतिहासात बखर, करीना, महजर यांच्या पंक्तीला कैफियत बसते. सरकारने विचारायचे, आणि रयतेने वा वतनदाराने 'हे असे असे घडत आले' म्हणून लिहून द्यायचे. सतराव्या शतकाच्या अखेरीस सभासदाने लिहिलेली बखरसुद्धा राजाराम महाराजांच्या विचारण्याला दिलेले उत्तरच आहे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले, तेव्हा हजारो इनामदारांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीचे कागद दाखवावे लागले. ज्यांचे कागद वाळवीने खाल्ले होते किंवा लुटीत गेले होते, त्यांना सांगायला केवळ हकीकत उरली. 'कैफियत' हा शब्द अरबीतला. 'कैफ' म्हणजे 'कसे?'. काय आहे आणि काय नाही, हे दाखला सांगतो. कसे झाले, हे सांगण्याची जागा कैफियतीत असते.

या प्रकाराचे नियम कडक आहेत. विशेषण चालत नाही. 'दुर्दैवाने' हा शब्दही जड होतो. तारीख, कृती, पुरावा. पुन्हा तारीख, कृती, पुरावा. अमुक दिवशी ठसे दिले, अमुक दिवशी मुखत्यारपत्र साक्षांकित झाले, अमुक दिवशी ते तिथे पोहोचले. आमच्या वतीने तिथे जाणारे होते तिचे एक जुने मल्याळी सहकारी. आपली पाळी संपवून ते चार वेळा त्या कार्यालयात गेले. दर खेपेला त्यांचा एक त्रोटक निरोप येई: आज गेलो होतो, पुढच्या आठवड्यात बोलावले आहे. त्या चार खेपांच्या तारखा पत्रात घालताना आमच्या लक्षात आले की या साऱ्या फायलीत 'मी हिला ओळखतो' असे आपल्या कृतीने सांगणारा हा एकटाच मनुष्य आहे. ज्या अपघाताचा उल्लेख वर आला, तो त्यांचाच होता.

कागद शेवटी आला. एकच पान, खाली शिक्का, मजकूर अरबीत. भाषांतर करून घेताना भाषांतरकाराने मथळा वाचून दाखवला: 'शहादत हुस्न सीरा व सुलूक'. चांगल्या वर्तनाचा दाखला, असा त्याने अर्थ सांगितला आणि तो पुढे गेला. आम्ही मात्र मथळ्यापाशीच थांबलो. 'सीरा' म्हणजे वर्तन; 'सीरा' म्हणजे चरित्रही, पैगंबरांच्या चरित्राला याच शब्दाने ओळखतात. त्याचे मूळ ज्या धातूत आहे त्याचा अर्थ चालणे, प्रवास करणे. 'सुलूक' म्हणजे वाटेने जाणे, त्यावरून वागण्याची रीत. आपला 'सलोखा' याच घराण्यातला. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच ठिकाणी पोहोचल्या होत्या: वर्तन म्हणजे चालणे. मग जो देशोदेशी चालला, त्यालाच वर्तनाचा पुरावा मागितला जावा, यात भाषेच्या बाजूने तरी विसंगती नाही. विसंगती उत्तरात आहे. चालण्याविषयी विचारलेल्या प्रश्नाला 'काही आढळले नाही' हे उत्तर पुरेसे मानले जाते, आणि आम्हीही ते हाती पडताच सुटकेचा निःश्वास टाकला.

त्या मथळ्याखालचा मजकूर अपेक्षेप्रमाणे एका वाक्याचा होता. भाषांतर जोडून तो त्याच रात्री पाठवला. परवान्याचा निर्णय हे लिहीपर्यंत आलेला नाही. तिन्ही प्रमाणपत्रे आता फायलीत एकापाठोपाठ लावली आहेत, आणि त्यांच्यामागे आमच्या कैफियतीची एक प्रत. त्या मल्याळी सहकाऱ्याचे नाव तिच्यात दोनदा आले आहे. प्रमाणपत्रांत ते कुठेच नाही.